उलटा क

पत्र लांबलचक आहे, म्हणून त्यातला गाभा तेवढा इथे देते.

"ताई, मी मूळचा नाशिकचा, वय 58. गेली चोवीस वर्षं नॉर्थ कॅरोलायनात आहे. तरुणपणी गोल्फ क्लब मैदानावर क्लबच्या क्रिकेट मॅचेसचं स्कोअरिंग करायचो. दोन वर्षांपूर्वी मुलगी कॉलेजला गेली, घर एकदम शांत झालं आणि मी आमच्या इथल्या मायनर लीग बेसबॉल संघाच्या मॅचेसना जायला लागलो. हाय-ए दर्जाचा संघ आहे. पहिल्या रांगेत, बुलपेनला (राखीव पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, बसतात त्या कोपऱ्याला) लागून माझी जागा. वहीत पेन्सिलीनं स्कोअर लिहितो. स्ट्राइकआउट झाला, म्हणजे तीन स्ट्राइक होऊन फलंदाज बाद झाला, की इंग्रजी के लिहायची पद्धत आहे. मी आपला क लिहितो. फलंदाज बॅट न फिरवता नुसता बघत राहिला आणि बाद झाला, तर के उलटा लिहितात. मी उलटा क काढतो.

एक डॉमिनिकन पोरगा (कॅरिबियनमधल्या डॉमिनिकन रिपब्लिकचा), राखीव पिचर, पंचविशीचा, एकदा कुंपणावरून वाकून वहीत बघायला लागला. हे अक्षर कुठलं, म्हणून विचारलं. तिथून ओळख झाली. क काढायला शिकला, आणि टोपीच्या आतल्या बाजूला मार्करनं काढून घेतला. हिनं एकदा त्याच्यासाठी चिवडा दिला होता, तर पुढच्या आठवड्यात डबा धुऊन आणला, वर त्यात सूर्यफुलाच्या बिया भरून. वहीच्या समासात मी काहीबाही, त्याच्याबद्दलही, लिहीत असतो. 'पाऊस, 40 मिनिटं खेळ बंद.' 'आज आईचा फोन आला होता, खूश आहे.' असे दोन हंगाम झाले.

जुलैच्या शेवटच्या मंगळवारी गेलो तर त्याच्या खुर्चीवर दुसराच मुलगा. गेटवरच्या काकांनी सांगितलं, रविवारच्या मॅचनंतर त्याला रिलीज केलं. मी व्हॉट्सअ‍ॅपवर तीन मेसेज पाठवले. कुठे आहेस, असा पहिला. काळजी घे, असा दुसरा. तिसऱ्यात त्याचे या हंगामातले आकडे मांडून लिहिलं की त्यांनी तुला सोडून मोठी चूक केली, तू आता काय ठरवलं आहेस? निळ्या टिका दिसतात, उत्तर नाही. आज 19 दिवस झाले. कामात लक्ष लागत नाही, आणि या वयात हे सांगायचं तरी कोणाला? बायको म्हणते, 'तो खेळाडू, तुम्ही प्रेक्षक. तिकिटाच्या पैशांत मैत्री मिळत नसते.' तिचं खरं आहे का? त्याला थोडे पैसे पाठवू का? एका मित्राच्या गोदामात काम आहे, ते सुचवू का? ही वही त्याला पाठवून द्यावी असंही वाटतं. आणि मॅचला पुन्हा जावं की नाही, तेही कळत नाही."

भाऊ,

तुमचं पत्र वाचून झालं, उठून चहा टाकला, आणि परत पहिल्यापासून वाचलं. सोळा-सतरा वर्षांपूर्वी मी तुमच्याच जागी होते. ते पुढे सांगते. आधी तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर, कारण बाकीचे प्रश्न त्यावरच उभे आहेत. होय, ती मैत्री होती. मला हे कशावरून कळलं, तर त्या डब्यावरून. आपल्याकडे शेजारणीचा डबा रिकामा परत करत नाहीत. त्या पोराला ही रीत कोणी सांगितली नसणार. बुलपेनमध्ये त्याच्या हाताशी दुसरं काय होतं? सूर्यफुलाच्या बिया. त्या त्यानं भरून दिल्या. प्रेक्षकांशी हसून बोला, सह्या द्या, हे संघवाले पोरांना सांगतात. डबा भरून परत द्या असं कुठलाही संघ सांगत नाही.

आता तो न सांगता कसा गेला, याबद्दल. तुमच्या पत्रात ती सल जागोजागी दिसते. हा खेळ ज्यांना माहीत नाही अशा वाचकांसाठीही थोडं सविस्तर लिहिते.

मायनर लीग ही शिडी आहे. मेजर लीगमधल्या 30 संघांपैकी प्रत्येकाचे खाली चार संघ असतात: सिंगल-ए, हाय-ए, डबल-ए आणि ट्रिपल-ए. असे एकूण 120. 2021 मध्ये फेररचना झाली तेव्हापासून हा आकडा ठरलेला आहे. त्या वेळी सुमारे चाळीस गावांच्या संघांचं मेजर लीगशी असलेलं नातं तुटलं. शिडीच्या टोकाला 30 संघांत प्रत्येकी 26 जण, म्हणजे 780 जागा. खालून वर बघणारी पोरं हजारोंनी. आपल्याकडच्या रिंकू सिंग आणि दिनेश पटेल यांची गोष्ट काहींना आठवत असेल. उत्तर प्रदेशातले हे दोन भालाफेकपटू एका टीव्ही स्पर्धेतून पुढे आले आणि 2008 मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सनं त्यांना करारबद्ध केलं. दिनेशला 2010 मध्ये सोडून दिलं, तो भारतात परतला. रिंकू आणखी काही वर्षं झगडला, दुखापती सोसल्या, पण सिंगल-एच्या वर त्याला जाता आलं नाही. म्हणजे तुमचा मित्र हाय-एपर्यंत पोचला होता, ही काही लहान गोष्ट नव्हे.

आता जुलैचं बघा. 2024 पासून मेजर लीगच्या एका संघाला अमेरिकेतल्या आपल्या मायनर संघांत मिळून 165 खेळाडूच ठेवता येतात. पूर्वी ही मर्यादा 180 होती. जुलैच्या मध्यात ड्राफ्ट, म्हणजे संघांनी नवे खेळाडू निवडण्याचा कार्यक्रम, होतो, 20 फेऱ्यांचा. ऐन उन्हाळ्यात प्रत्येकाकडे नव्या पोरांची तुकडी येऊन उभी राहते आणि यादीतून तेवढीच नावं खोडावी लागतात. कोणाची खोडतात? ज्याचं वय त्या पायरीच्या मानानं थोडं पुढे गेलंय त्याची. पंचविशीचा राखीव पिचर, हाय-एमध्ये दुसरं वर्ष. भाऊ, तुम्ही त्याच्या शेवटच्या पाच-सहा मॅचेस वहीत पुन्हा पुन्हा तपासल्या असणार, कुठला चेंडू चुकला म्हणून. ते थांबवा. कारण त्या वहीत सापडणारही नाही, ते कुठल्यातरी कार्यालयातल्या यादीत आहे.

आणि हे होतं कसं, तर मॅच संपल्यावर मॅनेजर आपल्या खोलीत बोलावतो आणि दार लावून घेतो. पाच मिनिटांचं बोलणं. बाहेर आलं की लॉकर आवरायचा. बाकीची पोरं आपापल्या बुटांच्या नाड्यांकडे बघत बसलेली असतात, कारण कोणाला काय बोलावं सुचत नाही. आमच्या घरी राहणाऱ्या मुलानं मला हे सांगितलं होतं, दुसऱ्या एका पोराचं नाव खोडलं गेलं त्या रात्री. मंगळवार ते रविवार एका पाहुण्या संघाशी सहा मॅचेस, सोमवारी सुट्टी, असं आता वेळापत्रक असतं. रविवारी रात्री गेलेल्या माणसाची खुर्ची मंगळवारी भरलेली असते. मधल्या सोमवारी तुम्ही ऑफिसात होतात, आणि तो बहुधा विमानात.

तो परदेशी आहे हेही विसरू नका. आपल्यातल्या किती घरांनी एच-वन-बीची ती धास्ती अनुभवली आहे! नोकरी गेली की साठ दिवसांचं घड्याळ चालू होतं आणि घरात कोणी मोठ्यानं बोलत नाही. या खेळाडूंचा व्हिसा पी-वन असतो, आणि त्या साठ दिवसांच्या सवलतीत पी-वन येत नाही. करार संपला की गाशा गुंडाळायचा. नऊ-दहा वर्षं ज्या देशासाठी घाम गाळला, तिथून दोन बॅगा घेऊन निघताना कोणाकोणाचा निरोप घ्यायचा, याचा हिशोब मनात तरी येतो का? म्हणून त्याच्या न सांगता जाण्यात तुमच्याबद्दलचं काही शोधू नका.

पण 19 दिवस उत्तर का नाही? याला मात्र तुमचा तिसरा मेसेज थोडाफार कारण असू शकेल. हे मी कशाच्या बळावर म्हणते ते सांगते.

मी तेव्हा ओहायोत राहत होते. 2022 पासून खेळाडूंच्या राहण्याची सोय संघालाच करावी लागते. त्याआधी ही पोरं आमच्यासारख्यांच्या घरी हंगामभर राहायची. होस्ट फॅमिली म्हणत आम्हाला. आमच्याकडे दोन उन्हाळे एक डॉमिनिकन कॅचर, म्हणजे आपल्या यष्टिरक्षकासारखा, होता. आला तेव्हा वीस वर्षांचा. इंग्रजी बेताचं, आमचं स्पॅनिश शून्य. माझं माहेर कोरेगावकडचं. इथे मिळणारे पिंटो बीन्स दिसायला अगदी आमच्या वाघ्या घेवड्यासारखे, अंगावर तसेच पट्टे. पहिल्याच रात्री मी त्यांची पातळसर आमटी केली आणि भात. तो तीनदा वाढून घेऊन जेवला. मग कॉलिंग कार्ड काढून आईला फोन लावला आणि जिन्यात बसून बराच वेळ बोलत राहिला. मला एकच शब्द सारखा ऐकू येत होता, आबिचुएलास. दुसऱ्या दिवशी कळलं, घेवड्याला त्यांच्याकडे आबिचुएलास म्हणतात. भात आणि त्याची आमटी हे त्यांच्या घरचं रोजचं दुपारचं जेवण. तेव्हापासून तो माझ्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभा राहायचा, माझा धाकटा उभा राहायचा तसा.

तिसऱ्या वर्षी तो आलाच नाही. मार्चमध्ये, हंगामाआधीच्या शिबिरातच त्याला रिलीज केलं. खांदा गेला होता. त्याचा एक खोका आमच्या तळघरात राहिला. त्यात एक हिवाळी जाकीट, स्पाइक्सचा जोड आणि शाळेतल्यासारखी एक इंग्रजी शब्दांची वही. मी ईमेल करायला लागले. खांदा कसा आहे? डॉक्टर काय म्हणाले? दुसरा संघ बघतो आहेस ना? इतक्या लवकर हार मानू नकोस. दोनदा उत्तर आलं, दोन-दोन ओळींचं. मग बंद. मला फार लागलं. घरच्यासारखं केलं आणि पोरानं ओळख ठेवली नाही, असं मी चार माणसांत बोलूनही दाखवलं. आज त्याची लाज वाटते.

चार वर्षांनी एका रविवारी सकाळी फोन वाजला. त्याला मुलगी झाली होती. आनंद सांगून झाल्यावर मी न राहवून विचारलं, अरे, इतकी वर्षं एक ओळ का नाही लिहिलीस? तो थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "तुम्ही दर वेळी खांद्याचं विचारायचात. माझ्याकडे त्याचं उत्तर नव्हतं."

मी फोन ठेवून तळघरात गेले आणि त्या खोक्यापाशी बसून रडले. मी त्याला धीर देत होते असं मला वाटत होतं. प्रत्यक्षात दर महिन्याला मी त्याला त्या बंद दारापाशी नेऊन उभं करत होते.

भाऊ, तुमचा तिसरा मेसेज त्याच जातीचा आहे. त्यांनी चूक केली, तुझे आकडे चांगले होते, आता काय ठरवलं आहेस? प्रेमानं लिहिलंत, माझ्याइतकं हे कोणाला कळेल! पण वाचणारा गावी परतला आहे. सोळा-सतराव्या वर्षी घरातून उचलून ज्याला अकादमीत ठेवलं, ज्याच्या हातावर सगळं घर आशा लावून होतं, तो त्या घराच्या ओसरीवर बसून हे वाचतोय. गावात भेटेल तो तेच विचारत असणार. उत्तर दिलं तर खोटं बोलावं लागेल, नाहीतर 'माहीत नाही' म्हणावं लागेल. दोन्ही जड. त्यापेक्षा फोन उपडा ठेवणं सोपं. निळ्या टिका आहेत, म्हणजे तो वाचतोय. तुम्हाला ब्लॉक केलेलं नाही. सध्या एवढं पुरे.

पैशांचं विचाराल तर पाठवू नका. गरज नसेल असं मी म्हणत नाही. हाय-एच्या खेळाडूला 2022 पर्यंत वर्षाकाठी 11,000 डॉलरच्या आसपास मिळायचे. त्या वर्षीच्या सप्टेंबरात ही पोरं मेजर लीगच्या खेळाडूंच्या संघटनेत गेली, 2023 मध्ये पहिला सामूहिक करार झाला आणि किमान पगार 27,300 वर आला. त्यातूनही घरी पैसे पाठवायचे असतात. साठलेलं फारसं काही नसणार. तरीही न मागता आलेले पैसे या वेळी त्याला मदतीसारखे दिसणार नाहीत, दयेसारखे दिसतील. उद्या त्यानं आपण होऊन मागितले तर मात्र मागेपुढे बघू नका. जेवढे परत येणार नाहीत असं धरून चालता येईल तेवढेच द्या. गोदामाच्या कामाचा विषय काढूच नका. त्याला इथे तसं काम कायद्यानं करता येणारच नाही, आणि सुचवण्यातच तुम्ही त्याला सांगून बसाल की तुमच्या लेखी त्याचं पिचिंग संपलं.

ते संपलं आहे का? कोणी सांगावं. तुमच्याच राज्यात हाय पॉइंटचा संघ अटलांटिक लीगमध्ये खेळतो. तिथे कुठल्याही मेजर संघाच्या छत्राखाली नसलेले, सोडून दिलेले पिचर येऊन पुन्हा उभे राहतात. मेक्सिकोची लीग आहे. ऑक्टोबरात त्याच्याच देशात सहा संघांची हिवाळी लीग सुरू होते आणि तिचं वेड तिथे आपल्याकडच्या क्रिकेटसारखं आहे. हे सगळं त्याला तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. त्यानं सांगितलं तर ऐका. आपण होऊन सुचवू नका.

आता वहिनींचं. त्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे, आणि ते अर्धं तुम्ही मान्य केलंत तर बरं. त्या खुर्चीवर तो कामावर होता आणि तुम्ही विरंगुळ्याला. तुम्हाला कंटाळा आला असता तर तुम्ही उठून घरी गेला असतात. त्याला उठता येत नव्हतं. तुमची संध्याकाळ ती त्याची रोजीरोटी. हे अंतर तुमच्या मैत्रीत पहिल्यापासून होतं आणि त्यानं मैत्री खोटी ठरत नाही, पण ती तुमच्याकडून किती मागू शकते आणि त्याच्याकडून किती, ते वेगळं ठरतं. त्याचं जगणं मोडलं आहे. तुमची जागा रिकामी झाली आहे. मुलगी कॉलेजला गेल्यावर घर शांत झालं, हे तुम्हीच लिहिलंत. त्या शांततेत जे शिरलं त्याच्यावर जीव जडणारच. पण तुमचं पोरकेपण भरून काढण्याचं ओझं त्याच्यावर नको.

आणि दुसरं. वहिनींच्या वाक्यात मला राग कमी आणि काळजी जास्त दिसते. एकोणीस दिवस जेवणाच्या टेबलावर समोरचा माणूस फोन उलटसुलट करत बसला आहे, तिनं काय करावं? चिवडा त्यांनी केला होता. डबा त्यांच्या हातात परत आला होता. एका संध्याकाळी टीव्ही बंद करून त्यांना वही दाखवा. त्या मॅचला येत नसतील तर त्यांना ती मुंग्यांची रांगच वाटणार. एक पान समजावून सांगा, उलटा क म्हणजे काय ते सांगा. माझा नवरा खोक्याबद्दल कुरकुर करायचा. मी त्यातली शब्दांची वही त्याला दाखवली, त्या पोरानं 'आमटी' हा शब्द रोमन अक्षरांत लिहून पुढे आबिचुएलास लिहिलं होतं, तेव्हा तो पुन्हा कधी बोलला नाही.

वही पाठवू नका. निदान आत्ता नको. मूळ वही टपालात टाकायची गोष्टच नव्हे, आणि आत्ता ती त्याच्या दारात जाऊन पडली तर तेरावं घातल्यासारखं होईल. पण ती वही काय आहे हे तुम्हाला पुरतं उमगलं आहे असं मला वाटत नाही, म्हणून थोडं बोलते.

आकड्यांसाठी त्याला तुमच्या वहीची गरज नाही. मायनर लीगच्या प्रत्येक मॅचचे आकडे जाहीर असतात, कायम राहतात. किती इनिंग, किती स्ट्राइकआउट, किती धावा दिल्या, उद्या त्याचा नातूही बघू शकेल. क्रिकेटमधले मुंबईचे फिरकी गोलंदाज पद्माकर शिवलकर यांच्या नावापुढे प्रथम श्रेणीतले 589 बळी लिहिलेले आहेत, भारताची टोपी एकदाही नाही. शिवाजी पार्कवर त्यांना टाकताना पाहिलेला म्हातारा भेटला की तो 589 हा आकडा सांगत बसत नाही. तो हात उचलून दाखवतो, चेंडू कुठे पडायचा आणि कुठे वळायचा. मी शिवलकरांशी त्या पोराची तुलना करत नाही; मी तुमची तुलना त्या म्हाताऱ्याशी करते आहे. ज्याचं शिखर हुकलं, त्याचं काम कोणीतरी रोज डोळ्यांत साठवत होतं, ही त्या माणसासाठी फार मोठी गोष्ट असते. फक्त ती कळायला काळ जावा लागतो.

आणि तुमच्याकडे तर समास आहे! 'पाऊस, 40 मिनिटं.' 'आज आईचा फोन आला होता, खूश आहे.' हे जगात दुसऱ्या कुठल्याही नोंदीत नाही. त्याच्या स्वतःकडेही नाही. कोणत्या मंगळवारी आपण खूश होतो, हे कोण लिहून ठेवतं?

म्हणून एक करा. वही घेऊन बसा आणि एक पान निवडा. त्यानं ओळीनं तिघांना बाद केलं ते पान नको; ते बघताना आज त्याला वेदनाच होईल. साधं पान निवडा. तो त्या दिवशी मैदानात उतरलाच नसेल तरी चालेल, उलट तेच बरं. ज्याचा समास भरलेला आहे असं. उजेडात धरून स्वच्छ फोटो काढा. त्याच्याखाली चार ओळी लिहा, त्याला येतं तेवढ्या सोप्या इंग्रजीत किंवा कोणाकडून तरी स्पॅनिशमध्ये करून घेऊन. मी असं लिहिलं असतं:

"आज वही उघडली होती. हे पावसाचं पान निघालं. तू मला दातांनी बी सोलायला शिकवत होतास आणि मला जमत नव्हतं. अजून जमत नाही. घरी तुझी आठवण निघते. आईंना आमचा नमस्कार सांग."

एकही प्रश्नचिन्ह नाही, हे बघितलंत? मुद्दाम. प्रश्न आला की उत्तराचं देणं येतं, आणि आधीचे तीन मेसेज त्याच्या डोक्यावर आहेतच. पाठवा, आणि मग नाताळापर्यंत काही पाठवू नका. नाताळला शुभेच्छा पाठवा, जशा कोणालाही पाठवता. मध्येच त्याच्याकडून काही आलं, नुसता अंगठा आला, तरी लगेच फोन लावू नका. तो जे बोलेल त्याच विषयावर बोला. घर, आई, बहिणीचं लग्न, दुकान, काहीही. बेसबॉल त्यानं काढला तरच.

उत्तर कधीच आलं नाही, तर? असंही होतं. मला चार वर्षांनी आलं, कारण घरात बाळ आलं आणि त्याला सांगण्यासारखं काहीतरी होतं. आता त्याचं मोटारसायकलच्या सुट्या भागांचं दुकान आहे. वर्षातून दोनदा बोलतो, मी त्याला घेवड्याचे भाव विचारते. त्या खोक्याचं काय करू म्हणून मी विचारलं होतं. म्हणाला, स्पाइक्स टाकून द्या, जाकीट ठेवा. ते आजही कपाटात आहे, दर उन्हाळ्यात उन्हाला घालते. पण त्याच संघातल्या आणखी दोन मुलांना मी कितीदा तरी जेवायला वाढलं होतं, त्यांचा आज पत्ताही माझ्याकडे नाही. त्यांच्यावर माझा राग नाही. त्यांना माझी आमटी आवडायची, हे मला माहीत आहे.

राहिलं मॅचला जाण्याचं. जा. हाय-एचा हंगाम सप्टेंबरात संपतो, थोड्याच घरच्या मॅचेस उरल्या असतील. तुमच्या नेहमीच्या जागेवरच बसा. दुसरीकडे बसलात तर पुढच्या एप्रिलपर्यंत ती जागा तुम्हाला टोचत राहील. जमलं तर एखाद्या दिवशी वहिनींना न्या. त्या खुर्चीवर आता जो मुलगा बसतो त्याचा यात काही दोष नाही, आणि कदाचित तोही अजून रस्ते ओळखत नसेल, बाजार कुठे आहे ते त्याला ठाऊक नसेल. त्याच्याशी लगेच मैत्री करायला जाऊ नका, पण मान हलवून ओळख दाखवा. कुंपणावरून वाकून त्यानं वहीत पाहिलं आणि विचारलं, तर सांगा हे अक्षर कुठलं.

दोन पेन्सिली टोकं काढून न्या. त्याच्या नावापुढे पहिला क लिहिताना हात अडखळेल, अडखळू दे. स्कोअर मात्र अर्ध्यात सोडू नका, नवव्या इनिंगपर्यंत पूर्ण लिहा, समासासकट.

तुमची,
ताई